मेसी यायच्या आधी अमेरिकेत फुटबॉल कोणी बघत होतं का?

मी बघत होतो की! प्रश्न वाचला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो, कारण हेच वाक्य आमचे साडूभाऊ 2023 पासून प्रत्येक गेट-टुगेदरला मला ऐकवतात. "मेसीनं अमेरिकेला फुटबॉल शिकवला." असं म्हणायचं आणि वर माझ्याकडेच बघून हसायचं.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅचेस बघत मोठा झालो, त्यामुळे नोकरीनिमित्त न्यू जर्सीला आल्यावर पहिल्यांदा शोधलं काय तर इथं फुटबॉल कुठं चालतो. चालत होता जायंट्स स्टेडियममध्ये, प्लास्टिकच्या गवतावर, आणि एवढ्या अवाढव्य स्टेडियममध्ये एरवी नुसत्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. साडूंना दहा वेळा विचारलं, चला. दर वेळी एकच उत्तर, "तो काय खेळ आहे होय इथला?"

मग 2007 ला इंग्लंडचा स्टार डेव्हिड बेकहॅम आला. 18 ऑगस्ट, शनिवार, आमची न्यूयॉर्क रेड बुल्स विरुद्ध त्याची एलए गॅलक्सी, आणि साडूंचा स्वतःहून फोन! त्या दिवशी 66 हजार माणूस होतं. एकाला मारला की दुसऱ्याला मारला असा गोलांचा नुसता पाऊस, आणि 4-4 झाल्यावर आमचे साडूभाऊ उठले. म्हणाले, पार्किंगमध्ये अडकू, मी गाडी काढतो, तू ये मागनं. शेवटच्या मिनिटांत हुआन पाब्लो आंखेलनं पाचवा घातला, आम्ही जिंकलो, आणि मी गाडीत बसून सांगतोय तर हे म्हणतात, "मॅच बरोबरीतच सुटली, तू उगं रंगवून सांगतोयस." वर घरी पोचेपर्यंत लेक्चर, की पेले गेल्यावर झालं तेच आता होणार, दोन वर्षांत दुकान बंद.

आता पेलेचं त्यांचं बरोबर होतं, ते मान्य. 1975 ला तो न्यूयॉर्कच्या कॉसमॉस टीमकडून पहिली मॅच खेळला ती रँडल्स आयलंडवर, तिथं टीव्हीवर बरं दिसावं म्हणून उघड्या मातीला हिरवा रंग मारला होता. दोन वर्षांत जायंट्स स्टेडियमला एका मॅचला 77,691 लोक. ते बघून बाकीच्या टीमनीही म्हाताऱ्या स्टार्सवर पैसे उधळले, तेव्हाची ती लीग 24 टीमपर्यंत फुगली आणि 1984 नंतर संपली. मुळं नव्हतीच, नुसता मांडव होता. लग्न झालं, मांडव काढला.

पण एमएलएसनं, म्हणजे आताच्या मेजर लीग सॉकरनं, हा धडा घेतला होता, आणि हेच साडूंना कळत नाही. 1996 ला 10 टीमनी सुरुवात, 2001 नंतर फ्लोरिडातल्या दोन टीम बंद, आणि एक काळ असा की 10 पैकी 6 टीम एकट्या फिलिप आन्शुट्झच्या. तो आणि लॅमार हंट वगैरे दोन-तीन श्रीमंत लोक वर्षानुवर्षं तोटा खात बसले, पगारावर मर्यादा ठेवली, फुटबॉलपुरती छोटी स्टेडियम बांधत गेले (पहिलं कोलंबसला, 1999). बेकहॅमसाठी पगाराच्या मर्यादेला पळवाट काढली, पण ती ठरावीक खेळाडूंपुरतीच. बेकहॅमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नवीन टीम अडीच कोटी डॉलर्सला घेता येईल अशी अट होती, तिचीच पुढं इंटर मायामी झाली आणि मेसी गेला तो तिथंच! म्हणजे 2023 चं बी 2007 ला पेरलेलं. आणि लीगच्या मॅचेस दाखवायचं अॅपलचं दहा वर्षांचं अडीच अब्ज डॉलर्सचं डील 2022 मध्ये झालं, मेसी यायच्या एक वर्ष आधी. अटलांटाची फायनल 2018 ला 73,019 लोकांनी बघितली, त्यात कुठला मेसी होता?

26 ऑगस्ट 2023. मेसीची लीगमधली पहिली मॅच, आणि ती हॅरिसनला, रेड बुल्सच्या नव्या स्टेडियममध्ये. माझी दोन सीझन तिकिटं, एक माझं, एक पोराचं. साडूंचा परत फोन. पोरगं बिचारं "जाऊ दे काकांना" म्हणालं. हे आले ते मायामीची कोरी गुलाबी जर्सी घालून, गळ्यात टॅग तसाच. मी लाल जर्सीत, माझंच स्टेडियम, आणि निम्म्या लोकांच्या अंगावर गुलाबी. मेसी बेंचवर! साडू तासभर "पैसे परत मागू या का" म्हणत बसले (पैसे माझे). मग तो उतरला, आणि 89 व्या मिनिटाला दोन-तीन पासांत असा काही मोकळा झाला की आमच्या डिफेंडरांना तो आत कधी शिरला हेच कळलं नाही. मी पण उठून उभा राहिलो. टाळ्यासुद्धा वाजवल्या. हे साडूंनी व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकलं.

तर उत्तर असं, की मेसीनं पैसा आणला, गर्दी आणली, जर्सी खपवल्या, नाही कोण म्हणतंय. पण तो तयार घरात राहायला आला. तुम्ही न्यू जर्सीत राहत असाल तर हॅरिसनला लागूनच केअर्नी आहे तिथं जाऊन बघा, 1990 च्या वर्ल्ड कपला अमेरिकेकडून खेळलेले मिओला, हार्क्स आणि रामोस तिघंही त्या एका गावात वाढलेले. आणि तिकीट काढायचं तर मायामी नसताना, बुधवारच्या मॅचचं काढा आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत बसा. पार्किंगचं मरू दे.

हां, आमच्या टीमनं एमएलएस कप एकदाही जिंकलेला नाही, त्यामुळे माझा थोडा जळफळाट असेल, तेवढं वजा करून वाचा. आणि मी बोलतोय ते पुरुषांच्या लीगचं. इथल्या बायका 1991 पासून चार वर्ल्ड कप जिंकून बसल्यात, त्यांना कुणाची वाट बघावी लागली नाही.

ता.क. साडूभाऊ, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहितीय. 5-4. नेटवर बघा.