पाणीटंचाईवर पहिल्यांदाच बोलताय?

पत्रकाराचा फोन आला की लगेच सुरू होऊ नका. प्रश्न नीट ऐकून घ्या, अर्ध्या तासाने उलट फोन करा. तेवढ्यात तीनच मुद्दे कागदावर उतरवा. नवखे इथेच फसतात, अख्खा प्रबंध सांगत बसतात!

‘उजनी धरण उणे 30 टक्के’ म्हणजे काय, एवढंच लोकांना हवं असतं. सांगा: उपयुक्त साठा संपला, आता मृत साठ्यातून, म्हणजे तळाशी राखून ठेवलेल्या साठ्यातून पाणी चाललंय, उजनीत तोच एकूण सुमारे 63 टीएमसी असतो. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर.

- विषय भूजल असेल तर ऊसदरावर मत नको. ‘हे माझं क्षेत्र नाही’ म्हणायला लाजू नका.
- छापण्याआधी आकडे तेवढे वाचून दाखवायला सांगा. अख्खी बातमी मागितली की चिडतात.

टीव्हीवरच्या चर्चांचं नंतर बघू.