हात टाकल्यानंतरचा वेळ

प्रिय मित्रा,

गोव्याच्या पोकर सीरिजचं (स्पर्धांच्या मालिकेचं) तिकीट काढलंस हे वाचून आनंद झाला. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, तेव्हापासून तुझ्यासारखी बरीच मुलं लाइव्ह टेबलाकडे वळली आहेत. तुमचं गणित पक्कं असतं. पण मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटीवर बसलास की सगळ्यात आधी वेगळा वाटेल तो वेग. स्क्रीनवर एका टेबलावर तासाला 60-70 हात, म्हणजे डाव, सहज व्हायचे. इथे डीलर पिसतो, माणसं विचार करतात, चिप्स मोजल्या जातात आणि तासाला 25-30 हात होतात. अर्ध्या तासाच्या लेव्हलमध्ये (सक्तीने लावायच्या रकमा वाढेपर्यंतच्या टप्प्यात) 12 ते 15. त्यातले बहुतेक तू टाकून देणार आहेस आणि द्यायलाच हवेत. म्हणजे दिवसातला मोठा वेळ तुझ्यापुढे पत्ते नसतील. मला या वेळाबद्दल लिहायचंय.

हात टाकला की मोबाइल उचलायचा, ही सवय टेबलावर सगळीकडे दिसते. तू उचलू नकोस. शोडाउनला, म्हणजे डावाच्या शेवटी, पत्ते उघडले की तो हात शेवटाकडून सुरुवातीकडे आठवत जा. समजा, एकाने इस्पिक एक्का आणि इस्पिक नव्वी दाखवली. त्याने हे पत्ते पहिल्या जागेवरून नुसतं लिंप करून (रक्कम न वाढवता किमान तेवढीच लावून) खेळले होते, फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांवर) चेक म्हणजे काहीच न लावणं, टर्नला (चौथ्या पत्त्याला) अर्धा पॉट (मध्ये जमलेली रक्कम), रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) पूर्ण पॉट. आता हा माणूस लिंप करतो तेव्हा त्याच्याकडे काय असू शकतं आणि फ्लश (इथे इस्पिकचे पाच पत्ते) लागल्यावर तो किती लावतो, दोन्ही तुला कळलं, तेही एकही चिप न घालवता. तीन-चार तासांत अशा आठ-दहा नोंदी जमतात. चेहऱ्यावरून पत्ते ओळखण्याच्या गोष्टींवर मात्र फार विसंबू नकोस. लावलेली रक्कम आणि घेतलेला वेळ यांतून जास्त कळतं. छोट्या बाय-इनच्या (प्रवेश-रकमेच्या) स्पर्धांत एखादा शांत माणूस रिव्हरला मोठी रेझ करतो, म्हणजे लावलेली रक्कम वाढवतो, तेव्हा त्याच्याकडे जवळजवळ नेहमीच खरोखर भारी पत्ते असतात. तिथे तुझी टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जमलेली जोडी) सोडून दे, कुतूहलापोटी कॉल करू नकोस, म्हणजे त्याच्याइतकी रक्कम लावू नकोस.

आणखी एक. तुझे पत्ते वाटले की लगेच पाहू नकोस, पाळी आल्यावर पाहा. तोवर तुझ्या डावीकडचे आपापले पत्ते पाहत असतात, त्यांच्याकडे लक्ष दे. काही जण पत्ते टाकायला आधीच हात पुढे करून बसलेले असतात. मागचे दोघे टाकणार हे आधी कळलं, तर बटनच्या (डीलरच्या जागेच्या खुणेच्या) आधीच्या जागेवरून ब्लाइंड्स, म्हणजे पुढच्या दोघांनी सक्तीने लावलेल्या छोट्या-मोठ्या रकमा, चोरणं किती सोपं होतं बघ.

टेबलाचे नियम तोंडपाठ कर, कारण इथे क्लिक नाही. काही न बोलता एकच मोठी चिप टाकलीस तर तो कॉल धरतात. बिग ब्लाइंड (त्या दोन सक्तीच्या रकमांतली मोठी) 1,000 असताना तू मनात रेझ ठरवून 5,000 ची चिप गुपचूप पुढे केलीस, तर गेले 1,000 च. म्हणून आधी आकडा बोल, मग चिप्स सरकव. एकदा बोललेलं बंधनकारक असतं. आणि आपल्या पत्त्यांवर एक चिप ठेवत जा. असे राखण नसलेले पत्ते डीलरने चुकून मकमध्ये (टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात) ओढले, तर बहुधा ते परत मिळत नाहीत.

आता बबल, म्हणजे बक्षिसं सुरू व्हायच्या अगदी आधीचा टप्पा. तिथे चांगल्या गणितवाल्यांचीही गल्लत होते. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांची रुपयांतली किंमत दुप्पट होत नाही, पण सगळ्या गेल्या तर सगळंच जातं. 13 जण उरलेत, 12 जणांना बक्षीस आहे, तुझ्याकडे 20 बिग ब्लाइंड्सइतक्या चिप्स आहेत आणि दोघांकडे जेमतेम दोन-तीन. अशा वेळी मोठ्या स्टॅकवाल्याने (चिप्सचा ढीग मोठा असलेल्याने) ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, तर एक्का-राणी टाक. सॅटेलाइटमध्ये (मोठ्या स्पर्धेतली सीट जिंकण्यासाठीच्या छोट्या स्पर्धेत) हे आणखी टोकाला जातं. 10 सीट, 11 खेळाडू, तुझा स्टॅक भक्कम आणि समोर तुझ्याहून मोठा ऑल-इन: तिथे एक्क्यांची जोडीसुद्धा टाकायची, कारण पहिल्याला आणि दहाव्याला सारखीच सीट मिळते. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर शंभर डॉलरच्याही आतल्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून लास वेगासला वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला पोहोचला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण सॅटेलाइट कसं खेळायचं हे फार थोडे शिकतात.

उलट बबल लांब असताना थांबून राहू नकोस. बिग ब्लाइंड अँटी (बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्यांच्या वतीने भरायची आणखी तेवढीच रक्कम) असेल तर नऊ जणांच्या टेबलावर एका फेरीला अडीच बिग ब्लाइंड जातात, म्हणजे साधारण दर 20 मिनिटांनी. 20 ब्लाइंड्सचा स्टॅक आठ फेऱ्यांचा, आणि ब्लाइंड्स वाढतात ते वेगळंच.

पैशांचं घरीच ठरव. बाय-इन 15,000 चा असेल आणि दोन बुलेट मारायची, म्हणजे बाहेर पडल्यावर पुन्हा एकदा पैसे भरून उतरायची, तयारी असेल, तर त्या स्पर्धेची किंमत 30,000 आहे, असंच धरून चाल. ही रक्कम पूर्ण गेली तरी महिन्याचं भाडं, आईचं औषध, कशालाच धक्का लागता कामा नये. उसने घेऊन तर कधीच नको. प्रत्येक वेळी जिंकण्याची शक्यता 80 टक्के असताना पैसे आत गेले, तरी पाचही ऑल-इन लागोपाठ जिंकण्याची शक्यता 33 टक्क्यांच्या आसपासच असते. त्यामुळे उत्तम खेळूनही महिनोन् महिने रिकाम्या हाताने परतावं लागतं. जिंकलास तर बक्षिसावर 30 टक्के कर लागतो, आणि आधीच्या स्पर्धांत गेलेले पैसे किंवा हॉटेलचा खर्च त्यातून वजा होत नाही. नोकरी सोडण्याचा विचार तू लिहिला आहेस. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको.

स्पर्धेतून बाहेर पडलास की सरळ किनाऱ्यावर येणारी फीडर बोट पकड. स्पर्धेतून उठलेल्या माणसाला रूलेट आणि कॅश टेबल (रोख पैशांवरचा खेळ) जवळच असतात आणि त्या अर्ध्या तासात त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. जेव, झोप. सकाळी तीन हात लिहून मला पाठव: पोझिशन, दोघांचे स्टॅक, प्रत्येक स्ट्रीटला (डावाच्या टप्प्याला) कोणी किती लावलं आणि त्या क्षणी तुला काय वाटत होतं. निकाल लिहू नकोस. तो कळला की माझंही मत त्याच्याकडे झुकतं. रविवारी संध्याकाळी मी घरीच आहे, फोनवर एकेक हात सावकाश बघू.

तुझा,
दादा