लिस्ट लहान असू दे, पण आपली असू दे

मित्रा,

तुझा मेसेज वाचला. तुला ॲफिलिएट न्यूजलेटर सुरू करायचंय, म्हणजे ईमेलवरून वस्तूंची शिफारस करायची आणि तुझ्या लिंकवरून कुणी घेतलं की कमिशन मिळवायचं. तुझा पहिलाच प्रश्न ईमेल लिस्ट विकत कुठून घ्यायची हा आहे, तर आधी तेच सांगतो, अजिबात घेऊ नकोस. त्या यादीतल्या कुणी तुझं नावही ऐकलेलं नसतं, तुझा मेल दिसला की लोक सरळ स्पॅमचं बटण दाबणार, आणि त्यात मुद्दाम सापळा म्हणून पेरलेले ॲड्रेस पण असतात, तिथे मेल गेला की तुझ्या डोमेनची, म्हणजे ॲड्रेसमधल्या @ नंतरच्या नावाची, पत गेलीच म्हणून समज. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत, तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, म्हणजे हजारात तीन माणसं चिडली की तू काठावर. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुझ्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग्ज) आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइब सक्तीचं आहे, पण तू पन्नास जणांना पाठवत असलास तरी पहिल्या दिवसापासून लावून टाक.

आता खरं बोलायचं ते. सुरुवातीला मी कमिशनचा आकडा बघून प्रॉडक्ट निवडायचो. एकदा एका बॅकअप सॉफ्टवेअरची जोरात शिफारस केली, स्वतः साधं इन्स्टॉलही न करता. चार आठवड्यांनी एका वाचकाचा रिप्लाय आला, त्यात एकच ओळ होती, "हे तुम्ही स्वतः वापरलंय का?" त्याचे फोटो रिस्टोअर होत नव्हते. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो, खोटं बोलवेना आणि खरं लिहायला हात उचलेना. शेवटी त्याला खरं सांगितलं आणि पुढच्या अंकात सगळ्यांनाच सांगितलं. काही जण सोडून गेले, ते जाणारच होते. पण तेव्हापासून मी स्वतः महिनाभर वापरल्याशिवाय कशाचीही लिंक देत नाही.

आणि लिहिताना त्या वस्तूचं काय आवडलं नाही ते पण लिही, कुणी घेऊ नये तेही लिही. "ज्यांच्याकडे एकच फोन आहे त्यांना याची गरज नाही" असं एक वाक्य टाकलं की बाकीचे तुझं ऐकतात, हे मी कितीदा बघितलंय. या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं, हे लिंकच्या आधी साध्या शब्दांत सांग, तळाशी बारीक अक्षरात नको.

कमिशन देणाऱ्या कंपनीच्या ॲफिलिएट प्रोग्रामच्या अटी नीट वाच, कारण काही ठिकाणी ईमेलमध्ये ॲफिलिएट लिंक टाकायला बंदी असते आणि मग अकाउंट बंद होऊन जमा झालेलं कमिशन पण अडकतं. कुकी, म्हणजे तुझ्या लिंकवरून आलेल्या माणसाची नोंद, किती दिवस टिकते तेही बघ, ॲमेझॉनची साधारण २४ तासांचीच असते, त्यामुळे विचार करून आठवड्याने घेणाऱ्याचं कमिशन तुला मिळेलच असं नाही.

ओपन रेटवर, म्हणजे किती टक्के लोकांनी मेल उघडला त्या आकड्यावर, फार जीव टाकू नकोस. २०२१ मध्ये ॲपलने मेल प्रायव्हसी आणली तेव्हापासून ॲपलचं मेल ॲप वापरणाऱ्यांनी न उघडलेले मेल पण उघडल्यासारखे दिसतात. क्लिक बघ, आणि त्याहून जास्त रिप्लाय बघ.

पहिल्या अंकाचा ड्राफ्ट झाला की मला पाठव, लिंक न टाकता. नुसतं वाचून ती वस्तू घ्यावीशी वाटते का ते मी सांगतो.

तुझा दादा