आयसीयूतल्या स्टाफ नर्सला नर्सिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर काय करावं?

तुमचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) झालंय, सहा वर्षं आयसीयूत गेली आहेत आणि आता शिकवण्याकडे वळायचंय. त्यासाठी बी.एड. करू की एमएस्सी, असं तुम्ही विचारलंय. शिवाय ‘कॉलेजात गेलं की हात जातो’, म्हणजे पेशंटच्या कामाची सवय सुटते, असं सोबतच्या सिस्टर म्हणतात, ते खरं का, हेही. मीही आधी वॉर्डात होते, मग मेडिकल सर्जिकलमध्ये (मोठ्यांचे आजार आणि शस्त्रक्रिया यांतलं नर्सिंग) एमएस्सी केलं आणि आता कॉलेजात शिकवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बी.एड.च्या मागे लागू नका. ती पदवी शाळेत शिकवण्यासाठी आहे, नर्सिंग कॉलेजात ती कुणी मागत नाही. नेट-सेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षांचीही अट नाही. एमएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला नर्सिंग एज्युकेशन हा स्वतंत्र विषयच असतो. त्यात लेसन प्लॅन, मायक्रोटीचिंग (छोट्या गटापुढे छोटा पाठ घेण्याचा सराव), प्रश्नपत्रिका काढणं, प्रॅक्टिकलचे गुण कसे द्यायचे, हे सगळं येतं. नुसतं वाचून भागत नाही, प्रत्यक्ष वर्ग घ्यावे लागतात आणि तुमच्या गाईड मागच्या बाकावर बसून टिपणं काढत असतात.

पात्रतेचं म्हणाल, तर ट्यूटर, म्हणजे शिक्षकांतलं सुरुवातीचं पद, त्यासाठी तुम्ही आजही अर्ज करू शकता. भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) निकषात बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी आणि एक वर्षाचा अनुभव ट्यूटरला चालतो, एमएस्सी असेल तर प्राधान्य. सरकारी जाहिरातीत हेच पद ‘पाठ्यनिर्देशिका’ म्हणून येतं, तेव्हा त्या नावानेही शोधा. पण ट्यूटरच्या पुढे जायचं तर एमएस्सीला पर्याय नाही. सहायक प्राध्यापकासाठी एमएस्सी आणि शिकवण्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, प्राचार्यपदासाठी एकूण पंधरा वर्षांचा. पीएचडी असेल तर उत्तमच, पण त्याचा विचार आत्ता नको.

एमएस्सीच्या प्रवेशाला पदवीत किमान 55 टक्के, नर्सिंग कौन्सिलचं चालू रजिस्ट्रेशन आणि कामाचा एक वर्षाचा अनुभव हवा. कोर्स दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ. ‘घरबसल्या एमएस्सी नर्सिंग’ अशी जाहिरात दिसली तर फोनसुद्धा करू नका, ती पदवी शिक्षकपदाला चालत नाही. मेडिकल सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य यांतली एक शाखा निवडायची असते. अमुक शाखेला जागा लवकर मिळते असं सांगणारे भेटतील. तुम्ही आयसीयूतल्या आहात, मेडिकल सर्जिकललाच जा. त्यात क्रिटिकल केअरची उपशाखाही घेता येते.

हे एवढं ठामपणे सांगते, कारण नर्सिंगची शिक्षिका खरी शिकवते ती पेशंटच्या खाटेपाशी. पहिल्या वर्षाच्या मुलींचं वॉर्ड पोस्टिंग सुरू झालं की बीपीचे आकडे बघा. दहापैकी सात पेशंटांचं 120/80! मुली खोटं लिहावं म्हणून लिहीत नाहीत. कफ सैल बांधलेला असतो, हवा भरकन सोडलेली असते, आवाज ऐकूच आलेला नसतो आणि विचारायची भीती वाटते. वर्गात कोरोटकॉफ साउंड्सच्या, म्हणजे बीपी मोजताना स्टेथोस्कोपमधून येणाऱ्या आवाजांच्या, पाचही पायऱ्या पाठ म्हणून दाखवणारी मुलगी इथे अडते. अशा वेळी दोघींना एकाच वेळी ऐकू येईल असा, कानात घालायच्या नळ्यांच्या दोन जोड्या असलेला स्टेथोस्कोप घ्यायचा, तिच्या शेजारी उभं राहायचं, हवा सावकाश सोडायला लावायची आणि आवाज आला की तिच्या मनगटावर हलकेच बोट टेकवायचं. ‘हा ऐकलास?’ एकदा तो आवाज कानात बसला की ती मुलगी पुन्हा अंदाजाने आकडा लिहीत नाही. वॉर्डात रुळलेल्या शिक्षिकेला ती कुठे चुकतेय हे लांबून कळतं.

तुमच्या आयसीयूतलंच घ्या. 50 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये 4 मिलिग्रॅम नॉरअ‍ॅड्रिनलिन (बीपी वाढवणारं औषध) भरलंय, पंप ताशी 3 मिलिलिटरवर आहे, तर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम गेलं? तुम्ही पंपाकडे बघता बघता 4 म्हणाल. तिसऱ्या वर्षाची हुशार मुलगीही घामाघूम होते, कारण तिने हे फक्त वहीत पाहिलेलं असतं. हा हिशेब पेशंटच्या बीपीशी जोडून, मॉनिटरकडे बोट दाखवून समजावणारी शिक्षिका कॉलेजांना हवी आहे. आणि मला मनापासून वाटतं, तुमच्यासारख्यांनी यायलाच हवं.

आता ‘हात जातो’चं. जातो, पण चुकीच्या कॉलेजात. काही ठिकाणी शिक्षिका नुसत्या फायली, हजेरीपत्रकं आणि इन्स्पेक्शनच्या तयारीत बुडालेल्या असतात आणि मुलींना वॉर्डातल्या सिस्टरांच्या भरवशावर सोडलेलं असतं. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर सगळीकडे असतं. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी तीन गोष्टी विचारा. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि त्यात पेशंट खरोखर असतात का? आठवड्यातले किती दिवस मला वॉर्डात मुलींबरोबर राहता येईल? आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे नाशिकची, शिक्षक मान्यता ते मिळवून देतात का? ही मान्यता नसेल तर तिथली वर्षं पुढे अनुभव म्हणून दाखवताना अडचण येते. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका. पडताळणी करून परत घ्यायची. मी एके ठिकाणी नोकरी सोडताना माझीच कागदपत्रं परत मिळवायला महिनोन्‌महिने चकरा मारल्या आहेत.

पगार खासगी कॉलेजात सुरुवातीला तुमच्या आताच्या पगाराहून कमी असू शकतो, त्याची घरी आधी चर्चा करा. सरकारी जागा कमी निघतात, पण पगार आणि पुढची बढती दोन्ही नीट असते.

आणखी एक वाट आहे, ती फार जणींना माहीत नसते. एनएबीएच (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी संस्था) मानांकन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलांत नर्स एज्युकेटर नेमतात. नव्या सिस्टरांचं सुरुवातीचं प्रशिक्षण, सीपीआरचा सराव, कोड ब्लूची (पेशंटचं हृदय बंद पडल्यावरची धावपळ) मॉक ड्रिल, औषधं देताना होणाऱ्या चुकांचा आढावा, हे तिचं काम. शिकवणंही होतं आणि आयसीयूही सुटत नाही. बीएलएस आणि एसीएलएसचे, म्हणजे जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांचे, कोर्स झालेले असतील तर तुमचा अर्ज वर येतो. नाइट ड्युट्या नकोत पण पेशंटही सोडवत नाहीत, अशी तुमची अवस्था असेल तर आधी हे बघा. एमएस्सी त्यानंतरही करता येईल.

नियम बदलत राहतात हे लक्षात असू द्या. 2021 मध्ये बीएस्सीचा अभ्यासक्रम सेमिस्टर पद्धतीचा झाला आणि सिम्युलेशन लॅबला (पुतळ्यांवर सराव करायची प्रयोगशाळा) महत्त्व आलं. 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला, त्यानुसार परिषदेची जागा आयोगाने घ्यायची आहे. त्यामुळे पात्रतेचे निकष अर्ज भरायच्या आठवड्यात परिषदेच्या किंवा आयोगाच्या संकेतस्थळावर पुन्हा वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका.

या महिन्यात दोन कामं उरकून घ्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू आहे ना, ते तपासा. आणि हॉस्पिटलकडून अनुभवाचा दाखला घेताना त्यात नुसतं ‘स्टाफ नर्स’ नको, ‘आयसीयू’ आणि तारखा लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट.