रत्नागिरी जिल्ह्यात राहून जोडीदार शोधायचाय : टिंडर, बंबल की विवाह संकेतस्थळ?

आधी अंतराचं बघा. टिंडर (2012) आणि बंबल (2014) ही डेटिंग अ‍ॅप्स फोनच्या ठिकाणावरून जवळची माणसं दाखवतात. मुंबईत ते मस्त चालतं. गुहागरला 10 किलोमीटर लावलंत तर निम्मं वर्तुळ समुद्रातच, आणि उरलेल्यांत सगळे ओळखीचे चेहरे. अंतर वाढवलं की थेट पुणे-मुंबई, म्हणजे भेटायला रात्रीची गाडी.

बंबलवर स्त्री-पुरुष जुळणीत पहिला मेसेज बाईनेच करायचा, ही मूळ अट. 2024 पासून ती आधीच प्रश्न ठेवू शकते, पुरुष त्याला उत्तर देतो. नको त्या मेसेजांचा मारा त्यामुळे कमी होतो, म्हणून मुलींना मी तेच आधी सुचवेन. हिंज या आणखी एका डेटिंग अ‍ॅपवर फोटोंबरोबर छोट्या प्रश्नांची उत्तरंही लिहावी लागतात, बोलायला विषय मिळतो.

लग्नच करायचं असेल तर शादी डॉट कॉम किंवा मराठी मॅट्रिमनी बरं. गाव, शिक्षण, नोकरीनुसार शोधता येतं. मात्र तिथली प्रोफाइल बरेचदा आईवडील चालवतात, तेव्हा पलीकडून कोण टाइप करतंय ते सरळ विचारा.

भेटण्याआधी व्हिडिओ कॉल कराच. पैसे मागितले की बोलणं बंद. दिलेच असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.