खुर्चीचा थर चिकटवलेला हात उकललाय, वाफेने नवी पट्टी वाकवून बसवता येईल का?

तुमच्या खुर्चीचा हात पातळ थर चिकटवून केलेला आहे, त्यातले बाहेरचे दोन थर मोडलेत आणि बाकीच्यांत फट पडलीय, असं तुम्ही लिहिलंय. वाफेची पेटी तूर्त बाजूलाच ठेवा. वाफ अखंड लाकडासाठी ठीक. इथे ती धड असलेले सांधेही सोडवेल. शिवाय ओल्या पट्टीवर गोंद नीट धरत नाही, आधी ती पूर्ण वाळवावी लागते.

त्यापेक्षा पट्ट्या पातळ घ्या. जाडी निम्मी केली की पट्टी वाकवायला आठपट कमी जोर लागतो. दीड-दोन मिलिमीटरची पट्टी मध्यम वळणाला कोरडीच वळते. रेषे मात्र लांबीच्या दिशेने सरळ हवेत. तिरके असतील तर ती तिथेच फाटेल.

खुर्चीचा दुसरा हात धड असेल ना? कागदावर त्याची बाजूची रेघ उतरवा आणि तिच्यावरून साचा कापा. साच्याला चिकटपट्टी लावायला विसरू नका, नाहीतर हात साच्यालाच चिकटून बसतो (मी एकदा असा साचा छिन्नीने फोडून काढलाय). फटींतला जुना गोंद पातळ पात्याने खरवडून नवा आत सारा. मोडलेल्या थरांची टोकं सरळ कापू नका. जाडीच्या किमान आठपट लांब उतार द्या आणि नव्या पट्टीलाही तसाच उतार द्या. धड थर आतून आधार देतातच.

गोंदाबाबत मी स्वतः फसलोय. पहिला हात साध्या पांढऱ्या गोंदाने चिकटवला. साच्यातून निघाला तेव्हा झकास होता, पण काही महिन्यांत हळूहळू उघडत गेला. हा गोंद सुकल्यावरही सतत ताण असला की किंचित सरकतो. युरिया गोंद (युरिया-फॉर्मल्डिहाइड राळेचा) किंवा इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) वापरा. इपॉक्सीला क्लॅम्प (पट्ट्या दाबून धरणारे शिकंजे) फार आवळू नका, सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. गोंद लावण्याआधी एकदा कोरडी तालीम करा. कोणता क्लॅम्प कुठे बसणार हे ठरलेलं नसेल तर गोंद लावल्यावर धांदल उडते.

पूर्ण हातच नवा करायची वेळ आली, तर साच्यातून काढल्यावर तो थोडा मागे उघडेल, म्हणजे वळण जरा सरळ होईल, हे धरून चाला. ढोबळ हिशोब असा: वाक (वळणाची सरळ रेषेपासूनची खोली) भागिले थरांच्या संख्येचा वर्ग. १६० मिलिमीटरचा वाक ४ थरांत केला तर सुमारे १० मिलिमीटर उघडतो, ८ थरांत जेमतेम अडीच. म्हणून मी नेहमी थर वाढवतो, साचा फार जास्त वळवत बसत नाही.

साच्यात किमान एक दिवस राहू द्या. कडेला आलेला युरिया गोंद आधी खरवडा, मगच रंधा लावा. तो इतका कडक होतो की पात्याची धार पाहता पाहता जाते.