न्यायालयबाह्य कबुलीवर शिक्षा होऊ शकते का?

‘आरोपीने मित्राजवळ न्यायालयबाह्य कबुली दिली’ अशी बातमी वाचून तुम्ही विचारलंय की ही कबुली म्हणजे काय आणि तेवढ्यावर शिक्षा होते का.

मी फौजदारी वकिली करतो. आमच्याकडे सगळे याला ‘एक्स्ट्रा ज्युडिशियल कन्फेशन’च म्हणतात. दंडाधिकाऱ्यांनी रीतसर समज देऊन नोंदवलेली कबुली ती न्यायिक. भाऊ, शेजारी, सरपंच, मालक अशा कोणाजवळ ‘माझ्या हातून झालं’ म्हटलं, की ती न्यायालयबाह्य.

पोलिसांपुढची कबुली मात्र पुराव्यात चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३मध्ये आलंय. संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याखाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, तो अपवाद. शिवाय कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग घेतात. ‘ज्या कोयत्याने मारलं तो कडब्याच्या गंजीत लपवलाय’ यातलं लपवल्याचं ग्राह्य, मारल्याचं नाही.

आता शिक्षेचं. होऊ शकते, पण हा पुरावा मुळात कच्चा. सहदेवन खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: कबुली स्वखुशीने दिलेली आणि खरी हवी, आणि इतर पुराव्याची जोड मिळाली तर तिचं वजन वाढतं.

खरी कसोटी लागते ती ऐकणाऱ्याची. उलटतपासणीत आम्ही विचारतो: ओळख कधीपासूनची? तुम्हालाच का सांगितलं? नेमके शब्द काय होते? पोलिसांकडे किती दिवसांनी गेलात? बरेच साक्षीदार दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात. जेमतेम तोंडओळख असलेल्या माणसाकडे जाऊन कोणी खुनाची कबुली देईल, हे कोर्टाला सहजी पटत नाही; पटूही नये. गावाकडे पोलीस पाटलापुढची कबुली असते, तेव्हा तो पोलीस अधिकारी धरायचा की गावचा माणूस, यावर आणखी युक्तिवाद होतो.

मला खरा राग येतो तो ‘आरोपीची पोलिसांसमोर कबुली’ या मथळ्यांचा. सर्वसाधारण खटल्यात त्या कबुलीला शून्य किंमत, पण गावात त्या घराशी लोक बोलणं टाकतात.

तुमच्या बातमीत कबुली मित्राजवळ आहे, म्हणजे निदान ती कोर्टापुढे येऊ शकते. तो मित्र किती जवळचा होता आणि पोलिसांकडे केव्हा गेला, एवढं बातमीत दिलंय का ते बघा.